दहा मीटरांचे अंतर

अपंगांची नेमबाजी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा दोन विचार एकामागून एक येतात. पहिला कौतुकाचा. दुसरा सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तो असा, की या खेळात काहीतरी सवलत असणारच. निशाण थोडे जवळ आणलेले असेल, मधले वर्तुळ थोडे मोठे काढलेले असेल, अथवा गुण देणाऱ्या पंचाचा हात जरा सैल असेल. पहिल्या विचाराबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. दुसरा मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजावून सांगण्यासाठीच आज मी आपला थोडा वेळ घेणार आहे.

आरंभीच एक खुलासा. २०१६ साली आपल्या संसदेने जो कायदा केला तेव्हापासून सरकारी कागदांत 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. तो चांगल्या हेतूने आलेला शब्द आहे. तरी ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांना आपणास 'नेमबाज' म्हटलेलेच अधिक आवडेल असे मला वाटते. म्हणून शक्य तेथे मी तोच शब्द वापरीन.

आता निशाणाकडे वळू. हवाई बंदुकीच्या स्पर्धेत नेमबाज आणि निशाण यांच्यामध्ये दहा मीटरांचे अंतर असते. साधारण एका मोठ्या वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचे म्हणा. एवढ्या जवळून कोणीही मारील, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु निशाण म्हणजे काय ते ऐका. त्यावरील सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास साडेपंचेचाळीस मिलिमीटर असतो. म्हणजे ते चहाबरोबर खावयाच्या मारी बिस्किटाहून लहान. आणि मध्यभागी, ज्याला दहा गुण, तो ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. छापील पुस्तकातला पूर्णविराम डोळ्यांपुढे आणावा. बंदुकीतून सुटणारा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे तो मध्यावर बसला तर ठिपका त्याच्याखाली पार नाहीसा होतो.

येथेच गोष्ट थांबत नाही. छऱ्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तर १०.० गुण मिळतात. छऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्याशी जसजसा जुळत जाईल तसतसा एकेक दशांश वाढतो, आणि अगदी तंतोतंत जुळला तर १०.९. यापेक्षा अधिक गुण देवालाही मिळावयाचे नाहीत. दर दशांशामागे फरक असतो पाव मिलिमीटरचा. आणि हे मोजण्याचे काम आता पंचाकडे उरलेले नाही. निशाणाच्या चौकटीत बसविलेले विद्युत् यंत्र छऱ्याची जागा टिपते आणि त्याच क्षणी आकडा पडद्यावर उमटतो. तेव्हा सैल हाताचा प्रश्नच नको. यंत्राला दया येत नाही.

सुरतेच्या श्रोत्यांना दशांशाची ही भाषा परकी वाटू नये. आपल्या वराछा-कतारगामच्या कारखान्यांत घंटीपुढे बसणारा हिऱ्याचा कारागीर दिवसभर याच मापात जगतो. एक कॅरट, त्याचे शंभर सेंट, आणि एखाद-दुसरा सेंट जास्त घासला गेला की मालाची किंमत उतरली. तो कारागीर बसून काम करतो. त्याच्या कामाचे मोल ठरविताना तो किती वेगाने धावतो, हे कोणी विचारीत नाही. त्याला लागते ती स्थिर बोटे, शांत श्वास, आणि तेच ते काम हजाराव्या वेळी पहिल्या वेळेइतक्याच लक्षपूर्वक करण्याची तयारी. नेमबाजीचे मर्मही हेच आहे. धावणे, उडी, झेप यांत ज्याचे शरीर मागे पडते त्याच्यासाठी हा खेळ इतका योग्य का ठरला, याचा उलगडा यातूनच होतो.

आता सवलतीच्या शंकेला मी आकड्यांनीच उत्तर देतो. कोरोनाच्या साथीमुळे वर्षभर पुढे ढकललेल्या टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धा २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच नगरीत पॅरालिंपिक, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा झाल्या. दोन्हींची नेमबाजी असाका येथील एकाच मैदानावर झाली. जुलैमध्ये स्त्रियांच्या दहा मीटर हवाई बंदुकीच्या स्पर्धेत चीनच्या यांग छियान हिने चोवीस छऱ्यांत २५१.८ गुण मिळवून सुवर्णपदक घेतले. ३० ऑगस्टला चाकांच्या खुर्चीत बसून जयपूरच्या अवनी लेखराने तितक्याच चोवीस छऱ्यांत २४९.६ गुण मिळविले, आणि तीही सुवर्णपदकाची मानकरी ठरली. वजाबाकी करून पाहा. चोवीस छऱ्यांत मिळून फरक २.२ गुणांचा, दर छऱ्यामागे एका दशांशाहूनही कमी. म्हणजे जगातली उभी राहून नेम धरणारी सर्वोत्तम मुलगी आणि कमरेखाली संवेदना नसलेली ही मुलगी यांच्यात अंतर होते ते सरासरी पाव मिलिमीटरपेक्षा थोडके. अंतर तेच, बंदूक तीच, निशाण तेच.

मग कोणी म्हणेल, ती बसलेली होती. बसून मारणे सोपेच असते. हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

या स्पर्धेचे नाव 'उभ्याने' असे आहे, आणि खुर्चीत बसणाऱ्यालाही तोच नियम लागू आहे: कोपर कशावरही टेकावयाचे नाही. समोर टेबल असते, पण ते छर्रे ठेवण्यापुरते. 'झोपून' या नावाच्या दुसऱ्या प्रकारात दोन्ही कोपरे टेबलावर टेकता येतात. पण तेथे सवलत सर्वांनाच सारखी असल्यामुळे चढाओढ अधिकच बारीक होते. उभ्याच्या प्रकारात हाती धरावयाची बंदूक साडेपाच किलोपर्यंत वजनाची. धडधाकट माणूस ती उचलतो तेव्हा त्याच्या नकळत कमरेचे, पाठीचे, मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू आपापसांत तोल वाटून घेतात. ज्याचा मणका दुखावला आहे त्याच्याजवळ हे साहाय्यक नसतात. पाच किलो वजन छातीपुढे धरले की धड पुढे कलू लागते, आणि ते सावरणारे स्नायू हाकेला ओ देत नाहीत. शिवाय आपण खुर्चीत कसे बसलो आहोत, मांडी कालच्यापेक्षा बोटभर सरकली आहे की काय, हे इतरांना शरीरच सांगते. याला ते डोळ्यांनी पाहावे लागते. काहींच्या पायांना मधूनच आचके येतात, आणि एक आचका म्हणजे एक छर्रा वाया. पात्रता फेरीत असे साठ छर्रे सव्वा तासात मारावयाचे असतात. सव्वा तास एका जागी, एका बैठकीत. आणि ज्याच्या कातडीला दाब जाणवत नाही त्याला अशा बैठकीत जखम झाली तरी कळत नाही.

किती हालचाल परवडते याचाही हिशेब सांगतो. बंदुकीच्या पाठीमागे डोळ्यापाशी एक छिद्र असते आणि नळीच्या टोकाला एक कडे. त्या दोहोंतून निशाणाचा काळा गोल नेमका मधोमध दिसला पाहिजे. या दोहोंमधले अंतर सुमारे पाऊण मीटर. नळीचे टोक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याने जरी ढळले, तरी दहा मीटरांवर छर्रा अडीच मिलिमीटर बाजूला जातो आणि दहाचे नऊ होण्याच्या सीमेवर येतो. हृदयाचा एक ठोका एवढे काम सहज करतो. म्हणून चांगला नेमबाज श्वास अर्धा सोडून थांबतो, दोन ठोक्यांच्या मधली शांतता गाठतो आणि तेव्हा बोटाच्या पेराने खटका दाबतो. 'ओढतो' असे म्हणावयास जीभ धजत नाही, इतके ते हलके असते.

या सर्व गोष्टी ध्यानात घेऊन नियम केले आहेत, आणि त्या नियमांचे तत्त्व मला फार न्याय्य वाटते. शरीराने जेवढे हिरावून घेतले, तेवढेच परत द्यावयाचे. त्याहून गुंजभर अधिक नाही. स्पर्धेपूर्वी जाणकारांचे मंडळ प्रत्येक खेळाडूची तपासणी करते. धड किती सावरते, हातात किती बळ आहे, पाय किती साथ देतात, हे पाहून गट ठरतो, आणि खुर्चीच्या पाठीला किती उंची चालेल हेही त्यावरूनच ठरते. ज्याच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू शाबूत आहेत त्याला पाठ टेकावयास मिळत नाही. ज्याचे ते स्नायू गेले आहेत त्याला पाठीचा आधार मिळतो, पण तोही मोजून.

मुख्य गट दोन. बंदुकीचे अथवा पिस्तुलाचे वजन जे आपल्या हातांनी पेलू शकतात ते पहिल्या गटात. त्याला एसएच-१ म्हणतात. ज्यांच्या हातांतच तेवढे बळ नाही ते दुसऱ्या गटात, एसएच-२. या दुसऱ्या गटातील नेमबाजासाठी बंदूक एका स्प्रिंगच्या उभ्या दांड्यावर टेकविलेली असते. पण ती स्प्रिंग घट्ट नसते, डुलती असते. वजन ती घेते, नेम घेत नाही. छर्रा भरावयास मदतनीस चालतो. खटका मात्र आपला आपण दाबावयाचा. आमच्या सीमेपलीकडच्या हुबळीचे श्रीहर्ष देवरेड्डी याच गटात खेळतात आणि २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत ते भारताकडून उतरले होते. या गटातील चुरस अशी, की साठ छऱ्यांच्या कमाल ६५४ गुणांपैकी ६३० मिळवूनही अंतिम आठांत जागा मिळेलच असे नाही.

तिसराही एक गट आहे, आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांना तो विशेष जवळचा वाटेल. तो अंधांचा. पॅरालिंपिकमध्ये त्याला अद्याप प्रवेश मिळालेला नसला तरी अशा स्पर्धा होतात. नेमबाजाच्या कानांवर श्रवणयंत्र असते, आणि नळी निशाणाच्या मध्याकडे जसजशी सरकते तसतसा कानातला स्वर चढत जातो. सर्वांत चढा स्वर म्हणजे दहाचा ठिपका. तंबोरा लावणाऱ्याचा कान ज्याला आहे त्याने या खेळाला हसू नये.

हा खेळ कोठून आला हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. हंगेरीच्या सैन्यात कारोली ताकाच नावाचा एक नामांकित पिस्तूलबाज होता. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने कोणास न सांगता डाव्या हाताने सराव केला, पुढल्याच वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि जिंकला. आणि महायुद्धाची वर्षे उलटल्यावर १९४८ मध्ये लंडनला व १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याच डाव्या हाताने त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतले. तेही धडधाकटांच्या स्पर्धेत, हे विसरता कामा नये. लंडनच्या त्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, इंग्लंडमधील स्टोक मॅंडेव्हिलच्या रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमान यांनी युद्धात जायबंदी झालेल्या सोळा स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. पॅरालिंपिकचे मूळ ते. त्यात बंदुकीची नेमबाजी आली १९७६ साली, कॅनडातील टोरांटोच्या स्पर्धांत.

सैनिकांच्या जखमांतून निघालेली ही वाट महाराष्ट्रातूनही गेली आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांत भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविले. पुढे १९७४ मध्ये पुण्याजवळ खडकीला लुळे झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. पद्मश्री होण्यासाठी पेटकरांना २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. सेहेचाळीस वर्षे! त्यांच्या गौरवाचे सोहळे पुष्कळ झाले आहेत आता. तरी हा मधला काळ मनातून जात नाही.

सांगलीहून कोल्हापूर काही लांब नाही, आणि मराठी मुलखात नेमबाजीचे गाव म्हणून आज कोणते नाव घ्यावयाचे तर ते कोल्हापूरचेच. दुधाळी मैदानावरची तेथील नेमबाजी महशूर आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली ती याच गावची. राही सरनोबत याच गावची. आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा स्वप्निल कुसाळे याच जिल्ह्यातील कांबळवाडीचा. कुस्तीच्या तालमींसाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखात, अंगबळाचा लवलेश नसलेला हा खेळ रुजावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

याच कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर. पायांचे बळ लहानपणीच गेलेले. टोकियोमध्ये त्याच ३० ऑगस्टला, ज्या दिवशी अवनीने सुवर्ण घेतले, पुरुषांच्या दहा मीटर हवाई बंदुकीच्या स्पर्धेत ते अंतिम आठांत होते. अंतिम फेरीची रीत क्रूर आहे. बाराव्या छऱ्यानंतर सर्वांत मागे असलेल्याने बंदूक खाली ठेवावयाची. मग दर दोन छऱ्यांनंतर आणखी एकाने. उन्हाळकर विसाव्या छऱ्यापर्यंत टिकले. त्यांचे गुण झाले २०३.९, म्हणजे सरासरी १०.२ च्या आसपास. आणि तेथे ते थांबले, चौथ्या स्थानावर. पदके तीनच असतात.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सुवर्णपदकाच्या मोठ्या बातमीखाली ही चौथ्या स्थानाची बातमी कोठेतरी असणार. मला मात्र या खेळाचा खरा पुरावा त्या चौथ्या क्रमांकात दिसतो. सहानुभूतीच्या स्पर्धेत कोणी चौथा येत नाही. तेथे सर्वांना काही ना काही देऊन घरी पाठवितात, टाळ्या वाजवितात, छायाचित्र काढतात. ज्या खेळात काही दशांशांवरून माणूस रिकाम्या हाताने परततो, त्या खेळाने त्याला खेळाडू म्हणून पुरते वागविलेले असते. उन्हाळकर त्यानंतर थांबले नाहीत, पॅरिसच्या स्पर्धेतही खेळले. तेथे अंतिम फेरी त्यांना गाठता आली नाही.

अवनीच्या यशाशीही मराठी भूमीचा संबंध आहे, आणि तो सुरतेहून रात्रीच्या गाडीने पोचण्याइतका जवळ आहे. २०१२ साली मोटार अपघातात तिच्या मणक्याला इजा झाली तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. वडिलांनी २०१५ मध्ये तिला नेमबाजीच्या मैदानावर नेले. अभिनव बिंद्रांचे आत्मचरित्र वाचून तिला या खेळाची गोडी लागली. पण तिच्या नेमाला ज्यांनी धार दिली त्या सुमा शिरूर पनवेलच्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण मिळवून त्यांनी जागतिक विक्रमाशी बरोबरी केली होती. त्यांनी पनवेलला 'लक्ष्य' नावाचे नेमबाजीचे केंद्र काढले. खुर्चीतल्या नेमबाजाला शिकविताना त्यांना स्वतःच्या शिक्षणातले पुष्कळ बाजूला ठेवावे लागले असणार. कारण नेमबाजीचे सारे जुने धडे पावलांपासून सुरू होतात. पाय कोठे ठेवावेत, भार कोणत्या टाचेवर घ्यावा, येथून. येथे पाय बाजूस सारून चाकांपासून आरंभ. नेम डावीउजवीकडे ढळला तर उभा नेमबाज पाऊल फिरवितो. खुर्चीतल्याने खुर्ची फिरवावयाची, पुन्हा रोध लावावयाचा, पुन्हा पाहावयाचे. एखाद्या शिक्षकाला यात आपल्याच धंद्याची ओळख पटेल. या कामाबद्दल सुमाबाईंना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

टोकियोच्या पात्रता फेरीत अवनी सातवी होती, आणि अंतिम फेरीत पहिली आली. तीन वर्षांनी पॅरिसला, काही महिन्यांपूर्वी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली असताना, २४९.७ गुण मिळवून तिने ते पद राखले. त्याच फेरीत दोन मुलांची आई असलेल्या मोना अगरवाल यांना कांस्य मिळाले. पिस्तुलात हरियाणाचा मनीष नरवाल, ज्याचा उजवा हात जन्मतःच अधू, डाव्या हाताने मारतो. त्याला टोकियोत सुवर्ण व पॅरिसला रौप्य. जबलपूरच्या एका मोटार-मेकॅनिकची मुलगी रुबिना फ्रान्सिस हिला पॅरिसला कांस्य. दोन स्पर्धांत मिळून भारताला केवळ नेमबाजीत नऊ पदके मिळाली आहेत.

एवढे सांगून झाल्यावर मला आता आमच्या शाळांकडे वळावयाचे आहे, कारण खरी अडचण तेथे आहे. मी शिक्षक आहे आणि सुरतेतील मराठी मुलांना शिकवितो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली आपली कुटुंबे किती आहेत हे श्रोत्यांना ठाऊकच आहे. यंत्रमागांचे आणि रंगकामाच्या गिरण्यांचे हे गाव. अपघात येथे नवे नाहीत. त्या घरांतून एखादे मूल काठीच्या आधाराने किंवा भावाच्या पाठुंगळी शाळेत येते. पुस्तकाच्या तासाला ते इतरांसारखेच असते. पण खेळाच्या तासाला काय होते? त्याला 'सूट' देतात. इतर मुले मैदानावर जातात आणि हे मूल व्हरांड्यात त्यांची दप्तरे व चपला सांभाळीत बसते. ही सूट दयाबुद्धीनेच दिलेली असते, यात मला संशय नाही. वर्षामागून वर्ष ती मिळत राहिली की मुलाला एक गोष्ट पाठ होते: स्पर्धा ही आपल्यासाठी नाही. गणिताचे चुकीचे पाठांतर आम्ही पुढल्या इयत्तेत दुरुस्त करतो. हे कोणी दुरुस्त करीत नाही.

२०१६ च्या ज्या कायद्याचा मी आरंभी उल्लेख केला, त्यात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. शाळांनी अशा मुलांना खेळाची व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी असे त्याचे सोळावे कलम सांगते, आणि तिसाव्या कलमात क्रीडांगणे व क्रीडाकार्यक्रम त्यांना वापरता येतील असे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायद्याने 'सूट' हा शब्द वापरलेला नाही. तो आमचा आहे.

आता व्यवहाराची बाब. प्रत्येक मुलाने नेमबाज व्हावे असे मी म्हणत नाही, आणि हा खेळ स्वस्त आहे असे सांगून कोणास फसविणेही मला पटत नाही. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी हवाई बंदूक लाखांच्या घरात जाते, जाड कापडाचा कोट वेगळा, छर्रे रोजचे. गिरणीत पाळी करणाऱ्या बापाला हे झेपावयाचे नाही. पण शिकण्याला आरंभीच स्वतःची बंदूक लागत नाही. केंद्रांतून ती सरावापुरती मिळते, आणि ठराविक शक्तीपर्यंतच्या हवाई बंदुकीला शस्त्रपरवानाही लागत नाही. पहिले काही आठवडे तर छर्रा न भरताच नेम धरण्याचा सराव करतात. धरावयाचे, स्थिर करावयाचे, खटका दाबावयाचा, पुन्हा खाली ठेवावयाचे. ज्या मुलाला हे कंटाळवाणे वाटत नाही, त्याच्यात काहीतरी आहे असे समजावे.

मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे, पुण्यात बालेवाडीला क्रीडासंकुलात आहे, पनवेलचे मी सांगितलेच. कोठेही न्यावयाचे झाले तरी मुलाच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र व वैद्यकीय कागद बरोबर असावेत, कारण पुढे गट ठरविताना तेच प्रथम पाहतात. आणि प्रवास करण्यापूर्वी दूरध्वनीवरून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: दाराशी पायऱ्या किती आहेत, आणि नेमबाजाच्या टेबलाखाली चाकांची खुर्ची गुडघ्यांसकट शिरते की नाही.